‘मरिये, आम्हांला तार’ : छावणीतील बंदिनींचे प्रार्थनापुस्तक

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी एखादे जुने प्रार्थनापुस्तक असते. कोपरे दुमडलेले, पाठीला चिकटपट्टी लावलेली, पानापानांत मृतांच्या स्मरणार्थ छापलेली कार्डे खोचलेली. आजीच्या हातातून आईच्या हातात आणि आईच्या हातातून आपल्या हातात आलेले ते पुस्तक कोणी लिहिले, कोठे छापले, याची चौकशी आपण सहसा करीत नाही. ज्या प्रार्थनापुस्तकाविषयी आम्ही येथे लिहीत आहोत, त्याची जन्मकथा मात्र ज्ञात आहे. ते तळहातात मावेल एवढे आहे. त्यावर तारीख आहे १६ फेब्रुवारी १९५३. सोव्हिएत संघाच्या अतिपूर्वेकडील मगादान भागातील छावणीत लिथुआनिया देशातील चार बंदिनींनी ते हाताने लिहिले, हाताने रंगवले आणि हातानेच बांधले. ‘मरिये, आम्हांला तार’ असे त्याचे नाव.

या नावाने आम्हांला बराच काळ अस्वस्थ केले आहे. ज्या स्त्रियांनी ही विनवणी केली, त्यांना पवित्र मरियेने तारले का? या पुस्तकाचे शब्द जिने जुळवले ती स्त्री छावणीतून परत आली नाही. मग ‘तारणे’ म्हणजे काय? हा प्रश्न टाळून या पुस्तकाविषयी केवळ गोड शब्दांत लिहिणे आम्हांला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. परंतु त्या प्रश्नाकडे जाण्यापूर्वी या स्त्रिया तेथे कशा पोहोचल्या हे पाहिले पाहिजे.

लिथुआनिया हा बाल्टिक समुद्राच्या काठावरील छोटा, बहुसंख्य कॅथलिक श्रद्धावंतांचा देश. १६ फेब्रुवारी १९१८ रोजी त्याने आपले स्वातंत्र्य घोषित केले. १९४० साली सोव्हिएत संघाने तो गिळंकृत केला, १९४१ ते १९४४ या काळात तेथे नाझी जर्मनीचा अंमल होता, आणि १९४४ मध्ये सोव्हिएत सैन्य पुन्हा आले. स्टालिनच्या राजवटीत १९४१ ते १९५३ या वर्षांत सुमारे १,३०,००० लिथुआनियन लोकांना घरांतून उचलून सैबेरिया आणि अन्य दूरच्या प्रदेशांत हद्दपार करण्यात आले. त्यांतील बहुसंख्य स्त्रिया व मुले होती. याशिवाय हजारो लोकांना शिक्षा ठोठावून सक्तमजुरीच्या छावण्यांत पाठवण्यात आले. ख्रिस्तसभेवर तर विशेष रोख होता. तेल्शियाई धर्मप्रांताचे बिशप व्हिन्सेन्तास बोरिसेविचुस यांना १९४६ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या, आर्चबिशप मेचिस्लोवास रेइनिस १९५३ मध्ये तुरुंगातच मरण पावले. १९४७ नंतर संपूर्ण देशात एकच बिशप तुरुंगाबाहेर उरले होते.

मेंढपाळांना असे नेल्यावर कळपाची जबाबदारी कोणावर पडली? बऱ्याच प्रमाणात ती स्त्रियांवर पडली. शिक्षिका, परिचारिका, धर्मभगिनी, शेतकऱ्यांच्या बायका यांनी मुलांना धर्मशिक्षण दिले, लपलेल्यांना भाकर पोहोचवली, अनाथांना घरात घेतले. त्यांतल्याच एक आदेले दिर्सिते.

आदेलेंचा जन्म १९०९ सालचा. काउनास येथील विद्यापीठात त्यांनी जर्मन भाषा व साहित्याचा अभ्यास केला. पुढे त्या शिक्षिका झाल्या, कॅथलिक युवकांच्या संघटनेत आणि कारितासच्या सेवाकार्यात रमल्या. विल्नियस शहरातील शाळेत शिकवत असताना १९४६ साली त्यांना अटक झाली. सोव्हिएतविरोधी संघटनेशी संबंध असल्याचा आरोप ठेवून लष्करी न्यायालयाने त्यांना दहा वर्षांची शिक्षा सुनावली. एका छावणीतून दुसऱ्या छावणीत असा प्रवास करीत त्या शेवटी मगादानला पोहोचल्या.

मगादान हे कोलिमा प्रदेशाचे बंदर. बंदिवानांना तेथे जहाजांच्या तळघरांत कोंबून समुद्रमार्गे नेले जात असे. हिवाळ्यात पारा शून्याखाली चाळीस-पन्नास अंशांपर्यंत उतरतो. काम खाणींचे, रस्त्यांचे, जंगलतोडीचे, आणि ठरलेले काम पूर्ण न झाल्यास पावाचा वाटा कमी. राजकीय बंदिवानांसाठी १९४८ पासून ज्या खास छावण्या काढण्यात आल्या, त्यांत कपड्यांवर क्रमांक शिवलेले असत आणि वर्षातून केवळ दोन पत्रे लिहिण्याची मुभा असे. नावाऐवजी क्रमांक हा त्या व्यवस्थेचा कणा होता. बंदिवान स्त्री ही कोणाची आई, कोणाची लेक, कोणत्या शाळेची शिक्षिका हे पुसून टाकायचे आणि तिच्या जागी एक आकडा ठेवायचा.

अशा ठिकाणी चार जणींनी प्रार्थनापुस्तक करावे असे ठरवले. पुस्तकासोबतच्या छोट्याशा टिपणात आदेले त्याचा हिशेब देतात : एका मैत्रिणीने चित्रे काढली, एकीने पुस्तकाला आकार दिला, एकीने पाने चिकटवली आणि शब्द आपण रचले. लिओने, वाले, लेवुते ही त्या तिघींची नावे आणि चौथी आदेले. आडनावे दिली असती तर पुस्तक सापडताच सर्वांना शिक्षा झाली असती, तरीही नावे न लिहिता राहावले नाही, हे आम्हांला फार महत्त्वाचे वाटते. अंगावर क्रमांक वागवणाऱ्या चौघींनी तेथे एकमेकींची नावे लिहिली, ज्या नावांनी त्यांच्या आया त्यांना हाका मारीत ती नावे. तारीखही सहज पडलेली नाही. १६ फेब्रुवारी हा त्यांच्या देशाचा स्वातंत्र्यदिन होता आणि तो उघडपणे साजरा करणे हा गुन्हा होता.

पुस्तकात काय आहे? आपल्या प्रार्थनापुस्तकात असते तेच. सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थना, मिस्साबलिदानाच्या वेळी म्हणावयाच्या प्रार्थना, मरियामातेची विनवणी, ताटातूट झालेल्या कुटुंबीयांसाठी, मायदेशासाठी आणि मृतांसाठी प्रार्थना. फरक एवढाच की मिस्सा म्हणायला धर्मगुरू नव्हते, वेदी नव्हती, रविवारची सुटी नव्हती. तेव्हा मिस्साच्या प्रार्थना असलेले हे पुस्तक म्हणजे नसलेल्या मिस्साची केलेली तयारी होती. कामावर चालत जाताना, हजेरीच्या रांगेत थंडीत तासन् तास उभे असताना, मनातल्या मनात मायदेशातील आपल्या चर्चमध्ये जाऊन बसण्याची ती वाट होती. आणखी एक विशेष असे की, साऱ्या पुस्तकात सूडाची भाषा नाही. ज्यांनी घर, शाळा, तारुण्य हिरावून घेतले, त्यांच्याविषयी शाप नाही. दुःख आहे, थकवा आहे, परंतु शाप नाही.

पुस्तक छावणीबाहेर निघाले, लिथुआनियात पोहोचले आणि तेथून पश्चिमेकडे गेले. १९५९ साली अमेरिकेत ते लिथुआनियन भाषेत छापण्यात आले, १९६० साली इंग्रजीत आले, मग इतर अनेक भाषांत. आपल्या देशात आलेले परकीय धर्मगुरू आपल्यासाठी प्रार्थनापुस्तके घेऊन आले हे आपण जाणतो. येथे प्रवास उलट दिशेने झाला. ज्यांच्याकडे कागदाचा तुकडाही स्वतःचा नव्हता, त्यांनी मोकळ्या जगातील श्रद्धावंतांना प्रार्थना पाठवल्या. टिपणात आदेलेंनी तसे म्हटलेही आहे. हे पुस्तक तुम्हांला आमच्याबरोबर प्रार्थना करता यावी म्हणून पाठवीत आहोत, असा त्या ओळींचा भाव आहे.

आदेले स्वतः मात्र परतल्या नाहीत. पुस्तकावरील तारखेनंतर तीन आठवड्यांच्या आत, ५ मार्च १९५३ रोजी स्टालिनचा मृत्यू झाला. पुढील तीन वर्षांत असंख्य बंदिवान सुटले. आदेलेंचा छळ मात्र थांबला नव्हता. त्यांना वेगळे ठेवण्यात आले, मारहाण झाली, आणि त्यात त्यांचे मानसिक स्वास्थ्य ढासळले. १९५५ साली खबारोव्स्क येथे त्यांचा मृत्यू झाला. वय अवघे ४६. काउनासच्या आर्चडायोसिसने २००० साली त्यांच्या संतपदाच्या प्रक्रियेस प्रारंभ केला.

येथे आम्ही थोडे थांबतो. श्रद्धावंतांच्या तुरुंगकथा आपण पुष्कळदा एका ठरावीक साच्यात ऐकतो : छळ झाला, प्रार्थना केली, मन शांत राहिले. आदेलेंची कथा या साच्यात बसत नाही. त्यांची श्रद्धा कमी पडली म्हणून त्यांचे मन कोसळले, असे कोणी म्हणू धजेल काय? माणसाचे शरीर व मन यांना मर्यादा आहेत आणि त्या मर्यादा कोठे आहेत हे शोधून काढणे हाच छळ करणाऱ्यांचा उद्योग असतो. आपल्या धर्मग्रामांतही मानसिक आजाराने ग्रासलेली माणसे आहेत. त्यांना ‘प्रार्थना वाढवा’ एवढेच सांगून परत पाठवण्यापूर्वी आदेले दिर्सिते यांची आठवण ठेवावी असे आम्हांला वाटते. प्रार्थना तर त्यांनी लिहिल्या होत्या.

जगण्याची साधने

मग ज्या जगल्या त्या कशाच्या बळावर जगल्या? सुटून आलेल्या स्त्रियांनी पुढे लिहिलेल्या व सांगितलेल्या आठवणींतून काही गोष्टी पुन्हा पुन्हा समोर येतात. त्या फार साध्या आहेत, किंबहुना घरगुती आहेत.

विल्नियसमध्ये सोव्हिएत गुप्त पोलिसांचे मुख्यालय ज्या इमारतीत होते, तेथे आता संग्रहालय आहे. तळघरात कोठड्या जशाच्या तशा राखल्या आहेत. तेथे छावण्यांतून आलेल्या वस्तूंमध्ये पावाच्या रोझरी माळा आहेत. बंदिवानाला मिळणारा पाव हेच त्याचे आयुष्य. त्यातला चिमूटभर गर बाजूला काढायचा, लाळेने मळायचा, त्याचे मणी वळायचे आणि वाळवून दोऱ्यात ओवायचे. भुकेल्या पोटाने खाण्याचा पदार्थ न खाता त्याची माळ करणे म्हणजे काय, याचा विचार आपण ऑक्टोबर महिन्यात घरोघरी रोझरी म्हणताना अवश्य करावा. माळ झडतीत सापडली तर जप्त होई. मग पुन्हा पाव, पुन्हा मणी. ती नसेल तेव्हा दहा बोटे तर होतीच.

सुई बाळगण्यास मनाई असे. म्हणून माशाच्या काट्याची सुई करीत. जुन्या कपड्यातून रंगीत धागे उसवून काढीत आणि चिंध्यांवर भरतकाम करीत. फूल, क्रूस, मैत्रिणीच्या नावाचे आद्याक्षर. हे काम कशासाठी? वाढदिवसाला, नाताळला कोणाला तरी काही तरी द्यायचे म्हणून. आम्हांला येथे साऱ्या विषयाचे मर्म दिसते. ज्या बाईला कोणाला तरी भेट द्यावयाची आहे, तिला उद्याचा दिवस लागतो. ती आज मरण्याचे पुढे ढकलते. भेट स्वीकारणारीलाही कळते की, या साऱ्या क्रमांकांमध्ये आपला जन्मदिवस कोणाला तरी ठाऊक आहे.

दिवस मोजणे हेही मोठे काम होते. छावणीत रविवार नसे, सण नसे. परंतु स्त्रिया आठवणीतून सणांची दिनदर्शिका जुळवीत. पुनरुत्थान सणाची तारीख दरवर्षी बदलते, ती चंद्राच्या कलांवरून ठरते, हे आपल्याला ठाऊक आहे. कोठडीच्या फटीतून दिसणाऱ्या चंद्रावरून ती काढणे सोपे नव्हे. गाणी, स्तोत्रे, प्रार्थना, कविता पाठ असणाऱ्या स्त्रीला मोठा मान मिळे, कारण तिच्या डोक्यातील ग्रंथालयाची झडती घेता येत नसे. आपल्या वडीलधाऱ्यांनी लहानपणी दटावून दटावून प्रार्थना पाठ करून घेतल्या, त्याचा आपल्याला थोडा राग असतो. छावणीतून परतलेल्या बाईने तसे कधी म्हटले नसते.

सिस्टर नियोले

स्टालिनच्या मृत्यूनंतर छावण्या बऱ्याच रिकाम्या झाल्या, परंतु बंद झाल्या नाहीत. लिथुआनियात मुलांना धर्मशिक्षण देणे हा पुढील तीन दशके गुन्हाच राहिला. १९७० साली फादर आन्तानास शेश्केविचुस यांच्यावर याच आरोपाखाली खटला चालला, तेव्हा त्यांच्यासाठी वकील मिळवून देणारी एक तरुणी होती. नियोले सादूनाइते. जन्म १९३८. ती गुप्तपणे व्रतबद्ध झालेली धर्मभगिनी होती. गणवेश नाही, मठ नाही, पाटी नाही, कारण नव्या धर्मभगिनींना प्रवेश देणारे मठ कायद्याने अस्तित्वातच नव्हते. वकील मिळवून दिल्याच्या दिवसापासून गुप्त पोलिसांची नजर तिच्यावर पडली.

१९ मार्च १९७२ रोजी, संत योसेफाच्या सणादिवशी, ‘लिथुआनियातील कॅथलिक ख्रिस्तसभेचा वृत्तान्त’ या गुप्त पत्रिकेचा पहिला अंक निघाला. कोणत्या गावी धर्मगुरूंना दंड झाला, कोणत्या शाळेत चर्चला जाणाऱ्या मुलाचा वर्गासमोर अपमान झाला, कोणाच्या घराची झडती झाली, अशा घटना नाव-गाव-तारखेसह त्यात नोंदवल्या जात. टंकलेखन यंत्रावर कार्बन कागद लावून प्रती काढायच्या, हातोहात पसरवायच्या आणि एखादी प्रत सूक्ष्मचित्रफितीवर उतरवून पश्चिमेकडे पाठवायची. तेथून व्हॅटिकन रेडिओच्या लिथुआनियन प्रसारणात तो मजकूर वाचला जाई आणि मूळ गावी लोक दारे लावून तो ऐकत. १९८९ पर्यंत असे ८१ अंक निघाले. संपादक होते फादर सिगितास तामकेविचुस, जे स्वतः १९८३ ते १९८८ या काळात बंदिवासात व हद्दपारीत होते, पुढे आर्चबिशप झाले आणि २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांना कार्डिनलपद दिले. परंतु टंकलेखन करणारे, माहिती गोळा करणारे, प्रती पोहोचवणारे हात प्रामुख्याने धर्मभगिनींचे होते. ही गोष्ट दुय्यम मानण्याची आपल्याला सवय आहे. पोलिसांनी मात्र तशी चूक केली नाही. त्यांनी भगिनींनाही शोधून शोधून पकडले.

२७ ऑगस्ट १९७४ रोजी विल्नियसमधील घरी सिस्टर नियोले अकराव्या अंकाचे टंकलेखन करीत असता त्यांना अटक झाली. मजकूर कोणी दिला, प्रती कोणाला जाणार होत्या, हे त्यांनी चौकशीत सांगितले नाही. मनोरुग्णालयात टाकण्याची धमकी देण्यात आली. त्या काळी ही धमकी पोकळ नसे. सत्तेशी न जुळणारे विचार हा आजार ठरवून औषधे टोचण्याची पद्धत सोव्हिएत संघात रूढ होती. जून १९७५ मध्ये खटला झाला. त्यांनी वकील नाकारला. आपण केलेले काम नाकारले नाही. ज्या दिवशी सत्यासाठी व माणसांवरील प्रेमासाठी आपला न्याय होत आहे, तो आपल्या आयुष्यातील सर्वांत आनंदाचा दिवस आहे, असे त्यांनी न्यायालयात सांगितले. तीन वर्षे छावणी आणि त्यानंतर तीन वर्षे हद्दपारी अशी शिक्षा झाली.

छावणी होती मॉर्डोव्हिया प्रदेशातील बाराशेव्हो येथे. तेथे राजकीय बंदिनींसाठी एक लहानसे कुंपण वेगळे काढलेले होते. काम शिवणाचे : कामगारांचे हातमोजे, ठरलेल्या संख्येने, रोज. सोबतीला युक्रेनमधील लेखिका व कलावंत होत्या. चित्रकार स्तेफानिया शाबातुरा त्यांपैकी एक. तिने काढलेली चित्रे छावणीच्या अधिकाऱ्यांनी जाळून टाकली. वृद्ध ऑर्थोडॉक्स स्त्रियाही होत्या, ज्यांनी निरीश्वरवादी सत्तेची कोणतीही आज्ञा न पाळण्याचा पण केला होता आणि त्यासाठी आयुष्याची वर्षानुवर्षे कुंपणाआड काढली होती. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, श्रद्धाहीन, अशा सर्वजणी एका चुलीभोवती. सिस्टर नियोले यांनी पुढे जे आत्मकथन लिहिले त्यात स्वतःच्या हालांपेक्षा या सोबतिणींविषयी अधिक आहे. पहारेकऱ्यांविषयी त्यांनी द्वेष बाळगला नाही. त्यांची दया येते असे त्या म्हणत. ही भाषा काहींना भाबडी वाटेल. परंतु ज्या बाईकडून सहा वर्षांत एकही नाव काढून घेता आले नाही तिला भाबडी कसे म्हणावे?

देशोदेशींच्या अनोळखी माणसांकडून त्यांच्या नावे पत्रे येत. अनेक त्यांच्यापर्यंत पोहोचू दिली जात नसत. पण पत्रे येत आहेत हे अधिकाऱ्यांना दिसे, आणि जगाचे लक्ष असलेल्या बंदिवानाला निमूटपणे संपवणे अवघड असते. हद्दपारीत सैबेरियातील बोगुचानी या गावी त्यांनी शाळेत झाडलोटीचे काम केले. १९८० साली त्या मायदेशी परतल्या, आणि परतताच पुन्हा त्याच कामाला लागल्या. १९८२ पासून सुमारे पाच वर्षे पोलिसांना चुकवून त्या भूमिगत राहिल्या.

छोट्या कुंपणातील रीत

बाराशेव्होच्या त्याच कुंपणात १९८३ साली ओडेसा येथे जन्मलेली २९ वर्षांची कवयित्री इरिना रातुशिन्स्काया आली. कविता लिहिल्याबद्दल सात वर्षे छावणी व पाच वर्षे हद्दपारी, अशी तिची शिक्षा. तिच्या आठवणींमुळे या कुंपणातील जीवन जगाला तपशीलवार कळले. तेव्हा तेथे मॉस्कोच्या गणितज्ञ तात्याना वेलिकानोवा होत्या, एस्टोनियाच्या लाग्ले पारेक होत्या, पेंटेकोस्टल पंथाच्या गालिना बारात्स होत्या, आणि लिथुआनियाच्या यादविगा बिएल्याउस्किएने होत्या. यादविगाबाईंनी तारुण्यात स्टालिनच्या छावणीत आठ वर्षे काढली होती. १९८२ साली पन्नाशी उलटल्यावर त्यांना पुन्हा पकडण्यात आले, कारण त्यांनी लहान मुलांना प्रार्थना व धर्म शिकवला होता. आदेलेंची पिढी आणि नियोलेंची पिढी या एका बाईच्या आयुष्यात एकत्र आलेली दिसते.

या स्त्रियांनी आपसांत काही रीती पाळल्या. जे मिळेल ते एकत्र ठेवायचे आणि आजारी असेल तिला आधी द्यायचे. छातीवर नावाची पट्टी लावण्याची सक्ती मानायची नाही, मग त्यापायी घरच्यांची भेट रद्द झाली तरी चालेल. आजारी सोबतिणीला थंड शिक्षाकोठडीत टाकले तर बाकीच्यांनी उपोषण करायचे. शिक्षाकोठडीत गरम अन्न एक दिवसाआड मिळे आणि उबदार कपडे काढून घेतले जात. ती शिक्षा किती भयंकर आहे हे जाणूनही त्या दुसरीसाठी ती ओढवून घेत. आणि सर्वांत कठीण रीत म्हणजे द्वेष करायचा नाही. यामागे भक्तिभाव होता तसा व्यवहारही होता. द्वेष माणसाला आतून खातो, आणि छावणीत खाण्यासारखे फारसे काही उरलेले नसते, हे त्यांनी अनुभवाने ओळखले होते.

नाताळ या कुंपणात दोनदा येई, कॅथलिकांचा २५ डिसेंबरला आणि ऑर्थोडॉक्सांचा ७ जानेवारीला. पंथांमधील भिंती उंच करण्यात ज्यांचा वेळ जातो त्यांनी या गोष्टीकडे पाहावे.

इरिना कविता कशी लिही, हे सांगण्याजोगे आहे. जळक्या काडीच्या टोकाने ती साबणाच्या वडीवर ओळी कोरी. पाठ झाल्या की वडी पाण्याखाली धरी. काही कविता बारीक कागदाच्या पट्ट्यांवर उतरवून बाहेर गेल्या व पश्चिमेत छापल्या गेल्या. १९८६ च्या उपवासकाळात इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे डिक रॉजर्स नावाच्या अँग्लिकन धर्मगुरूंनी, जे डॉक्टरही होते, तिच्या कोठडीची नक्कल करून एक पिंजरा उभारला आणि राखेच्या बुधवारापासून पुनरुत्थान सणापर्यंत ते त्यात राहिले. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी विचारावे, हे काय आहे, आणि त्यांनी तिचे नाव सांगावे, एवढ्यासाठी. आपल्या उपवासकाळातील त्यागांमध्ये आपण गोड पदार्थ, मांसाहार, हल्ली दूरचित्रवाणी यांचा विचार करतो. अनोळखी बंदिवान बाईसाठी सहा आठवडे पिंजऱ्यात बसण्याची कल्पना आमच्या तरी मनात आली नसती. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रातील शेवटच्या अध्यायात बंदिवानांची आठवण जणू त्यांच्याबरोबर आपणही बांधलेले आहोत अशी ठेवण्यास सांगितले आहे. त्या धर्मगुरूंनी ते शब्दशः घेतले. ९ ऑक्टोबर १९८६ रोजी, अमेरिका व सोव्हिएत संघ यांच्या नेत्यांची रेक्याविक येथे भेट होण्याच्या आदल्या दिवसांत, इरिनाची सुटका झाली. २०१७ साली तिचे निधन झाले.

लाग्ले पारेक १९८७ मध्ये सुटल्या. एस्टोनिया स्वतंत्र झाल्यावर १९९२ मध्ये त्या गृहमंत्री झाल्या. ज्या बाईला पोलिसांनी तुरुंगात टाकले, तिच्या हाताखाली आता पोलीस खाते आले. पुढे राजकारण सोडून त्या पिरिटा येथील ब्रिजिटाइन भगिनींच्या मठात राहू लागल्या.

सिस्टर नियोले २३ ऑगस्ट १९८७ रोजी विल्नियसमध्ये उघडपणे लोकांसमोर आल्या. हिटलर व स्टालिन यांनी १९३९ साली ज्या कराराने त्यांचा देश परस्पर वाटून घेतला, त्याच्या निषेधाची ती सभा होती. ती बोलावणाऱ्यांपैकी त्या एक होत्या. ११ मार्च १९९० रोजी लिथुआनियाने पुन्हा स्वातंत्र्य जाहीर केले. नंतरच्या काळात देशाच्या संसदेने त्यांना स्वातंत्र्य पुरस्कार दिला.

२३ सप्टेंबर २०१८ रोजी पोप फ्रान्सिस विल्नियसच्या त्या जुन्या गुप्त पोलीस मुख्यालयाच्या तळघरात उतरले. कोठड्या पाहिल्या, दिवा लावला आणि बाहेर येऊन प्रार्थना केली. आर्चबिशप तामकेविचुस त्यांच्यासोबत होते. आपल्याला जेथे कोंडले होते ते ठिकाण ते पोपमहोदयांना दाखवीत होते. याच शहरात आदेले पकडल्या गेल्या होत्या आणि याच शहरात टंकलेखन यंत्रावर अर्धवट राहिलेला अकरावा अंक पोलिसांनी उचलून नेला होता. तो अंक पुढे दुसऱ्या भगिनींनी पूर्ण केला, आणि त्यानंतरचे सत्तरही.

सिस्टर नियोले सादूनाइते ३१ मार्च २०२४ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी वारल्या. तो पुनरुत्थान रविवार होता.